डावीकडे ओढणारी गाडी

११ नोव्हेंबर १९९७

मोहनरावांची गाडी आज आमच्या गॅरेजात आली. एमजीए, १९५८ची. दोन सीटची, उघड्या टपाची, रंग एकेकाळी तांबडा. सायलेन्सर गंजलेला, मागच्या स्प्रिंगचे पाटे बसलेले. शेळगावहून बारामतीपर्यंत ती स्वतःच्या चाकांवर आली, एवढंच आज तिच्याबद्दल बरं म्हणता येईल.

मोहनराव साखर कारखान्यात चीफ इंजिनिअर होते. चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. गाडी त्यांनी लग्नाआधी मुंबईच्या एका डॉक्टरकडून घेतली. अब्बांना सांगत होते, "माझा बाप मेंढरं घेऊन पार कोकणापतूर चालत जायचा. म्हणलं, आपुन जरा वेगानं जाऊन बघू."

फेब्रुवारीत पुण्याच्या एका क्लबची जुन्या गाड्यांची शर्यत आहे. घाटाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकेक गाडी सोडतात आणि वेळ लावतात. मोहनरावांनी नाव दिलं आहे. इंजिनाला पूर्वीचा दम हवा, आणि वळणावर गाडी झुकते ती झुकायला नको.

हे सगळं ते माझ्या धाकट्या भावाला, अफजलला सांगत होते. तो म्हणाला, "मी जीपवाला, साहेब. असली नाजूक गाडी आपा बघते." मी त्यांच्या डाव्या बाजूलाच उभी होते. त्यांनी चांगलं अंग वळवून माझ्याकडे पाहिलं, मी आत्ताच तिथे आल्यासारखं.

"तू कुठं शिकलीस?"

पुण्याला, ऑटोमोबाइलचा डिप्लोमा, मग दोन वर्षं इंजिन तपासणीच्या विभागात, असं सांगितलं.

"मग हिलाच विचारायचं की! मघापासनं ह्या पोराचं डोकं खातोय. आणि साहेब कारखान्यात. हितं आबा म्हणायचं."

गावी परत आल्यापासून गिऱ्हाईकानं मला थेट काही विचारलं ते आज पहिल्यांदा. नोंद करून ठेवते.

१६ नोव्हेंबर

चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घेतलं. तिसरा कमी. व्हॉल्व्ह घासून बसवले. ठिणगीची वेळ बरीच मागे होती, ती पुढे घेतली.

दोन कार्बोरेटर आहेत आणि ते वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोलता काम करत होते. रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं. आधी एकाची सुसकारी ऐकायची, मग दुसऱ्याची. दोन्ही सारख्या झाल्या की जोडी जुळली. अब्बा लांबून बघत होते. त्यांना वाटलं माझा कान दुखतोय.

संध्याकाळी शेजारच्या वेल्डिंगवाल्यानं विचारलं, इंजिन कुणी उघडलं. अब्बा म्हणाले, "अफजलनं." मी तिथेच हात धूत होते. अब्बा खोटं बोलणारे नाहीत. त्यांना वाद नको असतो.

२ डिसेंबर

मोहनराव गाडी दोन दिवस चालवून परत आले. इंजिनावर खूश. तक्रार एकच, गाडी डावीकडे ओढते.

"आधीपास्नं ओढती का?"

हे मीच विचारायला हवं होतं, पण विचारलं अफजलनं. ते म्हणाले, यंदाच्या दिवाळीपासून.

चारही चाकांभोवती दोरी ताणली, मापं घेतली. पुढच्या चाकांचा कोन बरोबर. ब्रेक कुठे धरत नाही. हवा सारखी. भिगवण रोडला मी स्वतः चालवली, स्टिअरिंग सोडून पाहिलं. गाडी सरळ जाते. अगदी थोडी डावीकडे उतरते, पण ती कुठलीही उतरेल. आपले रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते असतात.

मोहनरावांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "रस्ता मला शिकवू नकोस. रस्ता तोच हाय. गाडी बदलली."

गिऱ्हाईकाची तक्रार माझ्या मापात दिसत नसेल तर माप अपुरं, असं आमचे सर सांगायचे. अजून शोधते.

७ डिसेंबर

मोहनराव म्हणाले, शेजारी बसून बघ. बारामतीहून शेळगावपर्यंत त्यांच्यासोबत गेले. आयुष्यभर गाड्या चालवलेला माणूस. गिअर टाकताना आवाज नाही, वळणाआधी वेग नेमका उतरवतात. पण गाडी खरंच डावीकडे जात राहते. माझ्या बाजूनं बाभळीच्या फांद्या आत येत होत्या. एक कोपराला लागली, ओरखडा आहे. उसाच्या ट्रॉल्या समोरून येतात तेव्हा डावीकडे घ्यावंच लागतं. समोर कुणी नसतानाही आम्ही कडेलाच होतो. म्हणजे दोष आहे, आणि तो वजन पडल्यावरच दिसतो. डाव्या सीटवर माणूस बसला की डावीकडची स्प्रिंग दबत असावी. हे मला आधी सुचायला हवं होतं.

त्यांच्या घरी जेवले. त्यांच्या पत्नी म्हाळसाकाकू ठेंगण्या, चटपटीत. मला बघून म्हणाल्या, "हिनं दुरुस्त केली व्हय? मला वाटलं एखादा मिशाळ मिस्त्री आसंल." मोहनरावांना त्या उजव्या बाजूनंच वाढतात. त्यांच्या ताटात चटणी आणि कांदासुद्धा उजवीकडे, भाजीला खेटून. माझ्या ताटात मात्र सगळ्यांकडे असते तशी डावीकडे. प्रत्येक घराची रीत वेगळी.

निघताना काकूंनी विचारलं, "गाडीत काय घावलं का?"

"अजून नाही."

"न्हाई घावलं तर न्हाई. एवढं काय शोधत बसायचं." संध्याकाळी दोघं रोज गाडीतून कालव्यापर्यंत जातात, काकू डावीकडे बसतात. "मी म्हणती, जरा आत घ्या, की घेतात. भांडान न्हाई, तक्रार न्हाई."

१९ डिसेंबर

वळणावर झुकणं कमी करण्यासाठी पुढे आडवा दांडा लागतो. डावं चाक दबलं की तो उजव्यालाही खेचून धरतो. या गाडीला मुळात नव्हता. पुण्याच्या जुन्या बाजारातून स्प्रिंगच्या पोलादाचा दांडा आणला, मापानं वाकवला, तो अडकवायचे कान शेजारून वेल्ड करून घेतले. वेल्डिंगवाला म्हणाला, "अफजलनं माप बरं काढलंय." अफजल म्हणाला, "मला माप आलं असतं तर मी शाळा सोडली असती का?" वेल्डिंगवाला हसला, पण विश्वास बसला नाही.

मागचे पाटे उपसून नवे भरले. शॉक ॲब्सॉर्बरमध्ये जाड तेल. गाडी आता वळणात बसते.

डावीकडे ओढण्याचं मात्र तसंच. शेवटी उजव्या पुढच्या चाकाच्या आर्मखाली पातळ चकत्या घालून ते चाक किंचित बाहेर कलतं केलं. त्याच चाकात हवाही दोन पौंड कमी. आता गाडीची ओढ थोडी उजवीकडे राहील आणि रस्त्याचा उतार फिटेल. मला हा उपाय आवडत नाही. दोष न सापडता केलेली दुरुस्ती आहे.

२८ डिसेंबर

आणखी दोन चकत्या घालाव्या लागल्या. आज मोहनराव चालवून आले आणि उतरायच्या आधीच हाताची मूठ वर केली.

"सरळ! दोरीवानी सरळ! इमामभाई, ही पोरगी कुणाला देऊ नका."

अब्बांनी मान डोलावली. शेजारचा वेल्डिंगवाला ऐकत होता. 

मी आज चहा दोनदा घेतला.

४ जानेवारी १९९८

रविवार, रस्ता मोकळा असेल म्हणून मोहनरावांची गाडी एकटीनं काढली. एमआयडीसीतल्या नव्या सरळ रस्त्यावर साठच्या वेगाला स्टिअरिंग सोडलं. वाटलं होतं सरळ जाईल. चारपाच खांब जायच्या आत ती मधली रेघ ओलांडून पलीकडे गेली. समोरून उसाचा ट्रॅक्टर. मी ओढून आणली. ट्रॅक्टरवाला जे बोलला ते लिहीत नाही.

गाडी वाकडी आहे. मीच वाकडी केली आहे. रस्त्याच्या उतारासाठी लागेल त्याच्या कितीतरी पट. आणि हीच गाडी मोहनराव दोरीसारखी सरळ चालवतात.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्या एकत्र कशा बसतात ते मला कळत नाही.

सगळ्या चकत्या काढल्या. हवा सारखी केली. त्यांना सांगितलं की पूर्वीसारखी केली आहे, दोष परत शोधते. ते नाराज झाले. "चांगली चालत हुती. तुमा शिकल्याल्यांना चांगलं चाललेलं बघवत न्हाय."

८ जानेवारी

गाडी घासली. त्यांच्याच घराच्या फाटकाला, डावा मडगार्ड पुढून मागपर्यंत. मोहनराव म्हणाले, बघ, परत ओढाय लागली. फाटकातून आत जाताना वेग दहाचाही नसतो. दहाच्या वेगाला कुठलीही गाडी एवढी ओढत नाही.

हे मी त्यांना म्हणाले नाही.

१३ जानेवारी

मडगार्डचा पत्रा काढायचा म्हणून गाडी गॅरेजात आणायला शेळगावला गेले. म्हाळसाकाकू संक्रांतीसाठी बहिणीकडे इंदापूरला. घरात पुतण्याची मुलगी स्वराली होती, कॉलेजला सुट्टी म्हणून आलेली. दुपारी तिनं मोहनरावांना वाढलं. मला रोजा. ते म्हणाले, "तू उपाशी आन् मी तुझ्यासमोर जेवू व्हय?" मी म्हटलं, मला सवय आहे, तुम्ही जेवा. जेवणाऱ्या माणसासमोर एरवी आपणही जेवत असतो. मला आज बघण्याशिवाय काम नव्हतं.

स्वरालीनं ताट रीतीप्रमाणे वाढलं. उजवीकडे भाजी, आमटी. डावीकडे चटणी, कांदा, लिंबाची फोड. मोहनराव दोन घास खाऊन म्हणाले, "आज चटणी न्हाय केली?"

स्वरालीला वाटलं थट्टा. "आजोबा, ताटात काय हाय मग?"

त्यांनी ताटाकडे पाहिलं. "कुठं?"

भाकरीचा उजवा अर्धा भाग संपला होता. डावा तसाच, कुणीतरी सुरीनं रेघ मारल्यासारखा. ते म्हणाले, "भाकरी आण गं." तिनं माझ्याकडे पाहिलं. मग ताट अर्धं फिरवलं.

"आता आणलीस व्हय," ते म्हणाले आणि जेवू लागले.

त्यांच्या डाव्या गालावर दाढीचे पांढरे खुंट होते. उजवा गाल गुळगुळीत होता. मी दीड महिना चाकाचे कोन मोजत होते.

१५ जानेवारी

काकू परत आल्यावर त्यांना गाठलं. त्या गोठ्यापाशी होत्या. मी विचारलं, दिवाळीत काय झालं होतं?

त्यांनी वैरणीची पेंढी सोडली. मग म्हणाल्या, "लक्ष्मीपूजनाच्या सकाळी हात बधिर झाला. डावा. तोंड जरा वाकडं. दुपारपतूर परत नीट. मला म्हणलं, कुणापाशी बोलायचं न्हाय. दवाखान्यात न्हाई गेलं."

"त्यांना डावीकडचं कळत नाही, काकू. दिसत नाही असं नाही. तिकडे काही आहे हेच त्यांच्या ध्यानात येत नाही."

"मला सांगती व्हय तू? ताट कोण वाढतं?" त्यांचा आवाज चढला. "माणूस कारखान्यातनं आला आन् मुका झाला हुता. ह्या गाडीनं बोलता झाला. गाडी काढून घेतली तर खाटंवर बसंल आन् उठायचा न्हाय. मी बसती की डावीकडं. मी हाय तवर काय हुत न्हाय."

"शर्यतीत तुम्ही नसाल. एकट्यानं चालवायची असते."

त्या वैरण टाकत राहिल्या.

"तू गाडीला कायतरी केलं हुतंस ना मधी? सरळ चालत हुती. ती परत कर."

मी म्हटलं, घाटात डावीकडे मोरीचे कठडे आहेत, लोक उभे असतात. गाडी सरळ करता येते, पण त्या लोकांना त्यांच्या ध्यानात आणता येत नाही.

"मग तू सांग त्यास्नी," काकू म्हणाल्या. "मला न्हाय जमायचं. एवढी शिकलीस, तू सांग."

शर्यत झाली तर बारामतीत लोक विचारतील, गाडी कुणी केली. हे माझ्या मनात आलं. लिहून ठेवते, कारण ते आलं.

१८ जानेवारी

कसं सांगावं ते तीन दिवसांत सुचलं नाही. तोंडानं सांगितलं असतं तर त्यांनी मला हाकललं असतं, आणि ते बरोबर ठरलं असतं. त्यांनी कधी कुणाच्या तोंडच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. माप लागतं.

आज ते मडगार्ड बघायला आले. बाकावर मीटरभराची लोखंडी पट्टी ठेवली होती. म्हटलं, आबा, हिच्या बरोबर मध्यावर भोक पाडायचंय, खूण करा.

"टेप हाय की तुझ्याकडं."

"कारखान्यात तुम्ही नजरेनं करायचा, असं ऐकलंय."

ते खूश झाले. खडूनं रेघ मारली, मागे सरकून बघितलं. मग इंजिनिअरच ते, स्वतःच टेप उचलला. एका टोकापासून मोजलं. दुसऱ्या टोकापासून मोजलं. रेघ मध्यापासून हातभर नाही, पण वीतभर उजवीकडे होती.

पुसली. परत मारली. परत मोजली. परत उजवीकडे.

मग त्यांनी जे केलं ते मला सांगावं लागलं नाही. पाणसळ खोटी आहे की भिंत, हे बघायला गवंडी पाणसळ उलटी करून ठेवतो. तशी त्यांनी पट्टी उचलली आणि टोकं फिरवून ठेवली. डावं टोक उजवीकडे. तिसऱ्यांदा रेघ मारली. चूक पट्टीची असती तर आता डावीकडे गेली असती.

ती उजवीकडेच राहिली.

अफजल पलीकडे जीपखाली काहीतरी गुणगुणत होता. मोहनराव खडू हातात धरून उभे होते.

"गाडी कधीच ओढत नव्हती," ते म्हणाले.

"नाही."

"म्हाळसाला ठाव हाय?"

मी टेप गुंडाळला. त्यांनी खडू बाकावर ठेवला. तो घरंगळून खाली पडला. त्यांनी गाडीकडे न बघता विचारलं, "एसटी किती वाजता हाय?" मी स्टँडपर्यंत सोबत गेले. त्यांच्या डाव्या बाजूनं चालले. रस्ता ओलांडताना त्यांनी माझं मनगट धरलं आणि स्टँड आल्यावर लगेच सोडलं.

२५ जानेवारी

निरोप नाही. गाडी गॅरेजात, ताडपत्रीखाली. अब्बांनी विचारलं, झालं काय. सांगितलं. त्यांनी तसबीहची माळ बाजूला ठेवली आणि म्हणाले, "कुणी दुसरा असता तर चकत्या घालून गाडी देऊन टाकली असती."

"मी घातल्याच होत्या."

"काढल्यास ना?"

मी बरोबर केलं की नाही हे मला ठरवता येत नाही. माप बरोबर होतं.

३१ जानेवारी

काल ईद झाली. आज दुपारी मोहनराव आणि काकू एसटीनं आले. काकूंनी डबा आणला, त्यात तिळाच्या वड्या. "संक्रांतीच्या हाईत, जरा शिळ्या हाईत, आन् तुझ्यावर माझा राग हाय," असं एका दमात म्हणाल्या आणि अम्मीकडे आत शीरखुर्मा खायला गेल्या.

मोहनराव बारामतीतल्या डॉक्टरकडे जाऊन आले होते. पुण्याला डोक्याचा फोटो काढायला पाठवलं होतं. मेंदूत छोटी गाठ बसली होती, रक्ताची. थोडं सुधारेल, सगळं नाही. डॉक्टरांनी व्यायाम दिला आहे, ठरवून मान डावीकडे वळवायची, पार खांद्यापर्यंत. "लहान पोरावानी. दिसत नसलं तरी बघायचं, म्हणाला."

मग ताडपत्री काढली. 

"सीट पुढं घे. तुझं पाय पुरायचं न्हाईत."

"नाव तुमचं आहे, आबा."

"बदललंय. क्लबला फोन केला. तिथला माणूस म्हणतो, बाई चालवणार? म्हणलं, बाई न्हाय, मिस्त्री." मग आवाज खाली आला. "मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला मारला असता, फरहत. तू मला मोजाय लावलंस. लई वाईट केलंस."

मी सीट पुढे घेतली.

१५ फेब्रुवारी

शर्यत झाली. पंधरा गाड्यांत सहावी. तिसऱ्या वळणावर मी दुसऱ्या गिअरला उशीर केला, नाहीतर पाचवी आली असती. दांडा आणि पाटे व्यवस्थित. गाडी कुठेही झुकली नाही. माथ्यावर कुणीतरी अब्बांना विचारलं, मेकॅनिक कोण. अब्बा म्हणाले, "चालवत आली ती." मोहनराव आधीच अफजलच्या जीपमधून वर येऊन थांबले होते. शेवटच्या चढाला इंजिनाचा आवाज पातळ येत होता म्हणाले. मागचा कार्बोरेटर. त्यांचं बरोबर आहे.

घाट उतरताना ते माझ्या शेजारी बसले. डाव्या सीटवर. काकू म्हणाल्या, मी जीपमधी बसती, तुमचं तुमी बघा. रस्ता वाहतुकीला परत उघडला होता, घाई नव्हती. बराच वेळ ते समोर बघत होते. मग म्हणाले, "डावीकडं काय काय हाय, सांग."

मी सांगू लागले. दगडी कठडा. त्याखाली दरी. एक पळस, अजून फुललेला नाही. एक पत्र्याची टपरी, बंद. पुढे उतारावर शेळ्या, राखणारी बाई डोक्यावर पदर घेऊन बसलेली.

 ते मान वळवायला लागले. आधी मान, मग खांदा, मग सगळं अंग, दारावर हात टेकून. तिथे काही आहे याची त्यांना स्वतःला खात्री नव्हती, हे मला दिसत होतं. मी गाडी पहिल्या गिअरवर घेतली. वेळ लागला.

"शेळ्या कसल्या," ते म्हणाले. "मेंढरं हाईत ती."